हिरव्या मोटारीतली डावी खुर्ची

रत्नागिरी,
ता. ३ डिसेंबर १९३४

ती. स्व. गोदूमावशी यांस,
महिपतचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, आमची मोटार तुमच्या सूतिकागृहास देण्याचं मनात आहे. माघात हौसाचं वर्षश्राद्ध येतं. भटजी म्हणाले, तिच्या वापरातल्या वस्तू तोवर देऊन टाकाव्यात. लुगडी तिच्या बहिणींनी नेली. छत्री आणि वहाणा तेराव्यालाच गेल्या. बाळासाठी शिवलेली अंगडी कोणी नेली ते मला ठाऊक नाही. मोटार राहिली आहे.

तुम्ही ती पाहिलेली नाही. मुंबईस एका पारशी गृहस्थानं दोन वर्षं वापरून विकली, ती मी घेतली. रंग गर्द हिरवा, टप बंद, आत तांबूस चामड्याच्या दोन खुर्च्या. अशा मोटारीला इंग्रजीत कूपे म्हणतात. ताशी साठ मैल धावते, पण आपल्याकडच्या रस्त्यांवर कोणी तसा प्रयत्न करू नये. दर सोमवारी मी इंजिन चालू करतो आणि बंद करतो. एरवी ती उभीच असते.

अट एकच आहे. मोटार आहे तशी ठेवावी. रंग, टप, खुर्च्या, कशालाही हात लावू नये.

बाकी सर्व ठीक. आपली दोन्ही गलबतं मुंबईहून परत आली. आंब्याला मोहोर चांगला आहे असं गडी सांगतात. मी बागेकडे गेलेलो नाही. आई गेल्यापासून वडीलधारं माणूस तुम्हीच, म्हणून तुम्हांलाच लिहिलं.

आपला आज्ञाधारक,
महिपत शिवलकर


राजापूर,
ता. ९ डिसेंबर १९३४

चि. महिपत यास,
गोदूमावशीचे अनेक आशीर्वाद.

दहा महिन्यांत तुझं हे पहिलं पत्र, आणि त्यात बातमी काय, तर सोमवारी इंजिन चालू केलं. जेवतोस का, झोपतोस का, हे लिहायला कागद पुरला नसावा. असो. तुझी आई माझी मावसबहीण, तीही अशीच होती. पोटात दुखलं तरी अंगण झाडत बसायची.

मोटार देतोस हे वाचून मी दोन्ही नर्सांना ओरडून सांगितलं. सहा खाटांचं आमचं सूतिकागृह, विश्वस्त मंडळी भली, पण मोटारीचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम खोकला येतो. इकडे अडलेली बाई येते ती डोलीतून, चार गड्यांच्या खांद्यांवर. चार-चार, पाच-पाच तास. कितीदा तरी डोली दारात उतरते आणि मी नाडी बघून डोळे मिटून घेते.

धर्माचे गायी आणि दात कां गे नाही, असं म्हणशील, म्हणून भीतभीतच विचारते. तुझ्या त्या मोटारीत बाई आडवी होऊ शकते का? मला बाकी काही विचारायचं नाही. रंग हिरवा असो की निळा.

आणि एक. देवरुखची मुलगी तुला सांगून आली आहे, असं राजापूरच्या बाजारापर्यंत आलंय. नव्या नवरीला जुनी मोटार दारात नको असेल, तर तसं उघड लिही. मी रागावणार नाही. एकतीस हे काही संन्यास घ्यायचं वय नव्हे.

तुझी,
गोदूमावशी


रत्नागिरी,
ता. १५ डिसेंबर १९३४

ती. स्व. गोदूमावशी यांस शि. सा. नमस्कार.

देवरुखचं खरं नाही. कोणी आलं होतं, त्यांना चहा देऊन परत पाठवलं.

मोटारीत दोन माणसं बसतात. आडवं होता येत नाही. खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या फळीपर्यंत तीन फूट दोन इंच भरतात. खुर्चीची पाठ मागे पडत नाही. मागे सामानाची पेटी आहे, तिच्यात माणूस मावत नाही. दार उघडं ठेवून पाय बाहेर काढले तरी कंबर वाकतेच. हे मी पट्टी लावून मोजलेलं आहे.

तुम्हांला बाळंतिणीच्या घरी लवकर पोहोचायला तिचा उपयोग होईल. ड्रायव्हर म्हणून सोनूला धाडीन. तो आमच्या गलबतावर होता, आता मोटार चांगली हाकतो. अट कळवलीच आहे.

जेवण वेळेवर होतं.

आपला,
महिपत


राजापूर,
ता. २३ डिसेंबर १९३४

चि. महिपत यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी विश्वस्तांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, घ्या, मोटार ती मोटार. मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड व्हायचा. मी बाळंतिणीच्या घरी पोहोचून काय करू? साध्या बाळंतपणाला तिथली सुईण पुरते. जिथं ती हात टेकते, तिथं माझेही दोन हात पुरत नाहीत. तिथं टेबल लागतं, डॉक्टर लागतो, हत्यारं लागतात, आणि ती सगळी इथं आहेत. बाई इथं यायला हवी, आणि निजून यायला हवी.

म्हणून आमच्या विश्वस्तांपैकी एकांनी, जे मुंबईत मोटारीच्या कारखान्यात होते, युक्ती काढली. ड्रायव्हरशेजारची डावी खुर्ची काढायची, मागची पेटी कापायची, आणि त्या बाजूला पुढून मागपर्यंत साडेपाच फुटांची फळी टाकायची. बाई निजेल. तुझी हिरवी मोटार जरा कुबडी दिसेल, पण इथं तिला वरातीत मिरवायचं नाहीये.

तू म्हणतोस, हात लावू नका. बाबा रे, उदक सोडलं की वस्तू आपली राहत नाही. देवाला वाहिलेला नारळ कुणी परत मागतं का? तू दान देतोयस, पण मूठ मिटलेलीच आहे. मला राग येतो तो याचा, की इथं बायका रस्त्यात मरतायत आणि तुला मोटारीच्या ऐटीची काळजी. हौसाला तुझी ही ऐट आवडत असेल, मला नाही आवडत.

लागलं तर लागू दे. मी अशीच आहे.

तुझी,
गोदूमावशी


रत्नागिरी,
ता. २१ जानेवारी १९३५

ती. स्व. गोदूमावशी यांस नमस्कार.

तुमच्या पत्राला महिना होत आला. उत्तर लिहायला बसलो की लिहिण्यासारखं काही नसे. मोटार देण्याचा विचार रद्द समजावा.

ऐटीचं लिहिलंत, त्यात तुमचा दोष नाही. हौसा पालीला, माहेरच्या घरातच वारली असं मी सगळ्यांना सांगितलं, तुम्हांलाही. तसं झालेलं नाही.

निरोप आला तेव्हा पहाट होती. मी अर्ध्या तासात पालीला पोहोचलो. सुईण हात जोडून भिंतीशी बसली होती. मूल आडवं आहे, रत्नागिरीच्या इस्पितळात नेल्याशिवाय सुटका नाही, असं म्हणाली. मोटार दारातच होती. हौसाला उचलून डाव्या खुर्चीत बसवली. पाठीमागे लुगड्यांच्या घड्या घातल्या. दार उघडं ठेवून पाय बाहेर काढून पाहिले. ती म्हणाली, “मला बसवत नाही हो. कुठंतरी निजवा मला.”

निजवायला जागा नव्हती. सकाळची सर्व्हिस मोटार निघून गेली होती, पुढची दुपारी होती. गाडीवाटेनं बैलगाडीचे हिसके सोसणार नाहीत, असं सुईण म्हणाली. मग चिमाबाईंनी, म्हणजे हौसाच्या आईनं, डोली मागवली.

डोली आठ वाजता निघाली. रत्नागिरी बारा मैल. चिमाबाई डोलीला हात लावून चालत होत्या. मीही मोटार तिथंच टाकून चालत जायला हवं होतं. ते मला सुचलं नाही. मी मोटारीत बसलो आणि डोलीच्या मागून चालवत राहिलो. गडी खांदा बदलायला थांबले की मी थांबायचो. इंजिन तापलं की बंद करायचं, डोली पुढे गेली की पुन्हा लावायचं. ताशी साठ मैलांची मोटार. रस्त्यातले लोक बाजूला होऊन तिच्याकडे बघत होते. शेजारच्या खुर्चीवर लुगड्यांच्या घड्या तशाच होत्या.

सव्वाबाराला कुवारबावजवळ गड्यांनी डोली खाली ठेवली. खांदा बदलला नाही. त्यावरून मला कळलं.

त्या खुर्चीच्या पाठीला तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. दिवाळीला पालीला जाताना ती डोकं टेकून झोपायची, त्याचा. तेवढी खुर्ची काढू देणं मला जमणार नाही. मोटार दारात नको होती आणि मोडलेलीही नको होती, म्हणून देत होतो.

मला अजून रडू आलेलं नाही. तेव्हाही आलं नाही. कोणी विचारलं तर बरा आहे म्हणतो, आणि तसा बराच आहे.

आपला,
महिपत


राजापूर,
ता. २६ जानेवारी १९३५

चि. महिपत यास.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. ऐट हा शब्द मी मागे घेते. ‘पट्टी लावून मोजलेलं आहे’ हे वाचलं तेव्हाच मला उमगायला हवं होतं. रिकामं बसून कोणी मोटारीत पाय बाहेर काढून कंबर मोजत नाही.

आता माझं ऐक. सोबत एक पत्र धाडते आहे. ते हौसाचं आहे, गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षातलं. वर्षभर मी ते देवांच्या पेटीत, खाली दडवून ठेवलं होतं. वाचशीलच, पण न वाचता फाडून टाकशील म्हणून मजकूर इथंही लिहिते. तिनं मला विचारलं होतं, ‘पहिलं बाळंतपण आहे आणि मला भीती वाटते, तुमच्याकडे राजापूरला येऊ का? पण पहिलं माहेरीच करायचं असं सगळे म्हणतात. तशी आमची मोटार आहे. काही कमीजास्त झालं तर हे अर्ध्या तासात रत्नागिरीला नेतील. तुम्ही सांगाल तसं करीन.’

तुम्ही सांगाल तसं करीन. आणि मी काय सांगितलं असेल? मी लिहिलं, ‘मोटार दाराशी आहे तर खुशाल माहेरी जा. आईच्या हातचं खा. एवढी सोय कुणाला मिळते?’

महिपत, वीस वर्षं मी हेच काम करते. अडलेल्या बाईला बसता येत नाही हे मला झोपेतही ठाऊक आहे. पण मोटार म्हटल्यावर मी आपली सर्व्हिस मोटार डोळ्यांपुढे आणली, लांब बाकांची. ‘तिच्यात आडवं होता येतं का’, एवढं एक वाक्य मी त्या पोरीला विचारलं नाही. तुला विचारलं, वर्षभर उशिरा. त्या भीतीनंच मी तेराव्याला आले नाही. कामाचं निमित्त सांगितलं होतं, ते खोटं.

मोटार आहे, मोटार आहे, म्हणून तू निर्धास्त, तिची आई निर्धास्त, मी निर्धास्त. मोटारीनं काय केलं? ती दोन माणसांची होती, ती दोन माणसांचीच राहिली. चूक आपण केली.

मोटार देऊ नको म्हणालास तर मी पुन्हा मागणार नाही. माझी ती लायकीही नाही. पण तुला एकट्याला त्या डोलीच्या मागून मोटार चालवत राहू देणं मला शक्य नव्हतं, म्हणून हे लिहिलं. माझ्यावर रागव. कुणावर तरी रागवलास तर मला बरं वाटेल.

तुझी,
गोदूमावशी


रत्नागिरी,
ता. २४ फेब्रुवारी १९३५

ती. स्व. गोदूमावशी यांस शि. सा. नमस्कार.

हौसाचं पत्र मिळालं. अक्षर तिचंच आहे. तुमच्यावर रागवायचा प्रयत्न करून पाहिला, जमला नाही.

वर्षश्राद्ध झालं. भटजींनी हातावर पाणी घातलं, मोटार तुमच्या सूतिकागृहास दिली असं माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि उदक सोडायला लावलं. ते ताम्हनात पडलं तेव्हा तुमचं वाक्य आठवलं. वस्तू आपली राहिली नाही तर अट घालायला मी कोण? चिमाबाई बसल्या होत्या. त्यांना विचारलं, खुर्ची काढू का? त्या म्हणाल्या, “काढा. माझ्या लेकीला निजायला जागा नव्हती.” त्या मोठ्यानं रडल्या. मी पाट उचलून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मिऱ्या बंदरावरून बाबल्या सुताराला बोलावलं. आपल्या गलबतांची डागडुजी तोच करतो. मोटारीचं काम त्यानं जन्मात केलेलं नाही. पेटीचा पत्रा उचकटला तर आत लाकडी सांगाडा निघाला. तो एकदम खूश झाला. म्हणाला, “आत लाकूडच हाय की. मंग ही आमच्यातलीच.”

मी त्याला म्हटलं, कापल्यावर ही ती मोटार राहणार नाही. त्यानं तोंडातला विड्याचा चोथा थुंकला आणि सांगितलं, “शेट, तुमच्या आज्याचं गलबत. त्येची एकबी फळी आज्याच्या वेळची नाय. डोलकाठी बदलली, तळ बदलला. पण गलबत कुणाचं म्हनतात लोक? आज्याचंच म्हनतात ना?” मग करवत माझ्या हातात दिली. लाकडाचा एक काप मी घेतला, बाकी त्यानं.

सांध्यांत त्यानं गलबताला भरतात तसा तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरला. पावसाचा थेंब आत येणार नाही म्हणतो. लांबी बरोबर आहे का बघायला कोणीतरी निजायला हवं होतं. मी निजलो. पाय पूर्ण पसरले. वर टप दिसत होता. बराच वेळ तसाच होतो.

डावी खुर्ची टाकलेली नाही. ड्रायव्हरच्या मागे उलटी फिरवून बसवली आहे, निजलेल्या बाईच्या उशाशी. तिथं तुम्ही बसावं. डाग पुसू नये, ही अट नाही, विनंती आहे.

सोनू परवा मोटार घेऊन निघेल. मी येत नाही.

आपला,
महिपत


राजापूर,
ता. २ एप्रिल १९३५

चि. महिपत यास अनेक आशीर्वाद.

मोटार आली त्या दिवशी अर्धं राजापूर बघायला लोटलं. पुढून साहेबाची, मागून मचव्याची, असं रूप झालंय. पोरांनी तिचं नाव ‘हिरवं गलबत’ ठेवलं. मला ते आवडलं, म्हणून मी कुणाला रागावले नाही.

महिनाभर ती उभीच होती. लोकांना वाटे, मोटारीतून गेलेली बाई परत येत नाही. परवा ओणीच्या पलीकडच्या एका वाडीतून निरोप आला. सखू नावाची बाई, तिसरी खेप, मूल आडवं. घरच्यांनी डोली बांधायला घेतली होती. मी मोटार घेऊन गेले, तर सासरा दारात उभा. म्हणाला, मोटारीत बसवून मारताय काय? मी म्हटलं, बसवत नाही, निजवते. त्याला आत निजून बघायला लावलं. म्हातारा निजला, उठला आणि स्वतः सुनेचे पाय धरून तिला आत ठेवली.

मी तुझ्या त्या खुर्चीत बसले. सखूचं डोकं माझ्या मांडीशी आणि माझी पाठ त्या डागाला टेकलेली. खड्डा आला की ती माझा हात दाबायची. मूल पोटात होतं तोवर मी हौसाशीच बोलत होते, मनात. काय बोलले ते लिहीत नाही.

डॉक्टर तयार होते. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. सखू शुद्धीवर आल्यावर विचारत होती, गाडी कुणाची? मी म्हटलं, हौसाबाईची. तिला वाटलं हौसाबाई इथंच कुठंतरी असेल. म्हणाली, त्यांना भेटून जाईन.

मे महिन्यात ये. आंबे मी तुला काय देणार, तूच घेऊन ये.

तुझी,
गोदूमावशी


रत्नागिरी,
ता. ७ एप्रिल १९३५

ती. स्व. गोदूमावशी यांस नमस्कार.

पत्र मिळालं. आनंद झाला असं लिहायला हवं. होईल तेव्हा लिहीन.

त्या वाडीपासून राजापूर बाराच मैल असावं, असं सोनू कळवतो. त्या बाईला आणायला किती वेळ लागला ते तुम्ही लिहिलं नाही. तेवढं कळवावं.

महिपत


राजापूर,
ता. ११ एप्रिल १९३५

चि. महिपत यास.

पस्तीस मिनिटं.

वाटभर एका हातात सखूचा हात होता आणि दुसऱ्या हातात घड्याळ. मागच्या पत्रात मुद्दामच लिहिलं नव्हतं. तू विचारशील तेव्हाच सांगायचं ठरवलं होतं.

पालीहूनही बाराच मैल. पस्तीस मिनिटांनी, पावणेनऊच्या आत, हौसा इस्पितळात असती. हे मी तुला लिहिणार नव्हते. पण तू ते केव्हाच मांडून बसला असशील, एकटाच. तिथं आता मीही बसले आहे.

उत्तराची घाई करू नकोस. रडू आलं तर येऊ दे, दार लावून घे म्हणजे झालं. नाही आलं तर सोमवार बघून इकडे निघून ये. सोमवारी आता तुला दुसरं काही काम उरलेलं नाही.

तुझी,
गोदूमावशी